नागपुरात जुनी छोटी पेट्रोल गाडी घेताना : एकदा सकाळी बघा, एकदा भर दुपारी

माझी पहिली गाडी मी डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी घेतली. हवा गार होती, गाडी नुकतीच धुतलेली होती आणि आम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं होतं. रिंग रोडने एक चक्कर मारली. एसी लावायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी पैसे देऊन गाडी घरी आणली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, वर्धा रोडवर बॉनेटमधून वाफ निघाली. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं. मिस्त्रीने हेड खोललं आणि बोट ठेवून दाखवलं, की ते याआधीही एकदा काढून घासून बसवलेलं आहे. म्हणजे गाडी आधीच्या उन्हाळ्यात उकळली होती आणि हिवाळा लागल्यावर विकायला निघाली होती.

त्यानंतर भावासाठी, भाच्यासाठी, ऑफिसमधल्या दोघा-तिघांसाठी बऱ्याच गाड्या बघून झाल्या. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला मी एकच गोष्ट आधी सांगतो : गाडी दोनदा बघायची. एकदा सकाळी, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असताना, आणि एकदा भर दुपारी, उन्हात, एसी लावून. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात सिग्नलला उभी राहून जी गाडी थंड राहते, ती बाकी बाबतींतही बहुतेक नीट सांभाळलेली निघते.

कोणती गाडी

बजेट ठरवलं की त्यातला पाचवा हिस्सा आधी बाजूला काढून ठेवा. टायर, बॅटरी, विमा, नाव बदलायचा खर्च, पहिली सर्व्हिसिंग, हे सगळं त्यातून होतं. तीन लाख हातात असतील तर अडीच लाखांच्या आतली गाडी शोधा.

छोट्या पेट्रोल गाड्यांत माझा कल साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाकडे आणि हाताच्या गिअरकडे असतो. मारुतीची ९९८ सीसीची के-सीरीज इंजिनं अल्टो के१०, वॅगनआर, सेलेरिओ या गाड्यांत आली. नागपुरात गल्लीतला मिस्त्रीसुद्धा ती खोलतो आणि सुटे भाग त्याच दिवशी मिळतात. ह्युंदाईची आय१०, होंडाची ब्रिओ यांचं उत्पादन थांबलेलं असलं तरी त्यांचीही इंजिनं टिकाऊ आहेत. टाटाची टिआगो २०१६ पासूनची मिळते. पत्रा जाड, रस्त्यावर बसते चांगली, पण सर्व्हिसचा रेकॉर्ड पाहिल्याशिवाय घेऊ नका. ज्या कंपन्यांनी भारतातला गाशा गुंडाळला त्यांच्या गाड्या खूप स्वस्त दिसतात. शेवरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायची घोषणा केली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. गाड्या वाईट नव्हत्या. पण आरसा, बंपर किंवा एखादा सेन्सर लागला की दिवसच्या दिवस गाडी उभी राहते, आणि नवख्या माणसाने हा ताप घेऊ नये.

इंजिनाबद्दल एक प्रश्न न विसरता विचारा : टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवायला, बेल्ट आहे की चेन? के-सीरीजला चेन आहे. जुन्या अल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाला रबरी बेल्ट आहे. आय१० मध्ये दोन इंजिनं यायची, १.१ लिटरला बेल्ट आणि १.२ लिटरच्या कप्पाला चेन. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावा लागतो. तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

वर्षाचंही गणित आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी आज हौसेने घेतली तर २०२७ मध्ये तिचं नूतनीकरण दारात उभं राहतं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ५,००० रुपये झाली आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे शक्य असेल तर त्यानंतरची गाडी बघा, किंवा आधीची असेल तर एअरबॅग असलेलं मॉडेल निवडा. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतल्या आहेत. इथेनॉलचं प्रमाण २० टक्के असलेलं पेट्रोल चालेल अशा बांधणीच्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या, आणि पंपावर आता तेच पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप म्हणून हाताने दाबून बघा. भेगा पडलेल्या असतील किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत असेल, तर ते काम लगेच निघणार आहे.

घरातून निघण्याआधी

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. ‘सिंगल हँड गाडी आहे’ असं फोनवर सांगितलं आणि ॲपवर तिसरा मालक दिसला, तर तिथेच थांबा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर थकलेले दंड बघा. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली तर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर तपासता येतं.

नंबरप्लेटही बरंच सांगते. एमएच-३१ शहराची, ४९ पूर्व नागपूरची, ४० ग्रामीणची. यांच्यात फार फरक करायचं कारण नाही. एमएच-३४ म्हणजे चंद्रपूर. गाडी खाणीच्या पट्ट्यात फिरली असेल तर सस्पेंशन आणि एअर फिल्टर जास्त बारकाईने बघायचं. छिंदवाडा, सिवनीकडच्या एमपीच्या गाड्या इथे स्वस्तात विकायला येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो हिशेब धरला की स्वस्ताई बरीचशी विरून जाते.

आता एक युक्ती. विकणाऱ्याला चालू विमा पॉलिसीचा फोटो मागा आणि त्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते पाहा. हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वर्षागणिक चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. सहा वर्षांची, एकाच मालकाची गाडी, बोनस ५० टक्के, म्हणजे पाच वर्षांत क्लेम नाही. तीच गाडी शून्यावर असेल, तर नुकतंच काहीतरी घडलंय किंवा विमा मधेच बंद पडला होता. काय घडलं ते विचारा. बंपर घासल्याचा क्लेम असेल तर काही बिघडत नाही. पण उत्तर द्यायला माणूस अडखळला, तर मी सहसा ती गाडी बघायलाही जात नाही.

सकाळची भेट

सात-साडेसातला जा. आदल्या रात्री स्पष्ट सांगा, की गाडी सुरू करू नका आणि धुऊ नका. पोहोचल्यावर बोलणं सुरू करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवा. पत्रा कोमट लागला तर गाडी आधीच तापवलेली आहे. थंड इंजिन ज्या गोष्टी उघड करतं, त्या गरम झाल्यावर झाकल्या जातात. चेनची खडखड असो, टॅपेटचा आवाज असो की पहिल्या सेकंदाचा निळा धूर, सगळं सकाळीच दिसतं.

बॉनेट उघडा. डिपस्टिक काढून पुसा, परत घालून काढा. तेल काळं असणं साहजिक आहे. ते पातळी सोडून खाली असेल तर इंजिन तेल पितंय किंवा मालकाने लक्ष दिलेलं नाही. तेल भरायचं झाकण उघडून आतून बघा. तिथे दुधाच्या चहावर येते तशी पांढुरकी, चिकट साय दिसली, तर तेलात पाणी मिसळत असण्याची दाट शंका धरा. पावसाळ्यात, अगदी कमी चाललेल्या गाडीत दमटपणानेही थोडी साय धरते, पण निर्णय मिस्त्रीवर सोडा.

त्यानंतर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी. नागपूरसाठी या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच. इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना चुकूनही नाही. आत हिरवं, लाल, निळं असं स्वच्छ रंगाचं पाणी हवं. तांबडट, गढूळ पाणी असेल तर कूलंटऐवजी नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत आले आहेत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. नळ्या अरुंद होतात, हिवाळ्यात काही कळत नाही आणि मे महिन्यात गाडी उकळते. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं, की खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा येतो.

झाकण उघडं ठेवूनच कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा आणि पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर हवा होती. सोड्याच्या बाटलीसारखे एकसारखे येत राहिले, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅसकेट गेलेलं आहे. अशा गाडीपाशी आणखी वेळ घालवू नका. झाकण लावून पुढे बघायचं असेल, तर सायलेन्सरच्या मागे उभे राहा. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ येते आणि जाते. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

आता रेडिएटरचा पंखा. इंजिन तापल्यावर तो आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाला पाहिजे. भाच्याला मिहानमध्ये नोकरी लागली तेव्हा आम्ही एक आय१० बघायला गेलो होतो. किल्ली फिरवली आणि थंड इंजिनावरच पंखा गरगरायला लागला. सोबत आमचा नेहमीचा मिस्त्री होता. तो वाकला, वायरिंगला नवीन काळी टेप गुंडाळलेली त्याने बोटाने उचलून दाखवली आणि म्हणाला, “भाऊ, इंजिन तं बरोबर वाटून राहिलं, पण हा पंखा काहून डायरेक्ट करून ठेवला?” मालकाकडे उत्तर नव्हतं. पंखा डायरेक्ट करणं (किल्ली फिरवताच सतत चालेल असा जोडणं) किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणं, हे इथल्या उन्हाळ्यावरचे सर्रास चालणारे जुगाड आहेत. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात लवकर तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं. हे जुगाड दिसले की समजायचं, गाडी गरम होत होती आणि मूळ कारण कोणी शोधलेलं नाही.

डॅशबोर्डवर बघा. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा, एअरबॅगचा दिवा, एबीएस असेल तर त्याचा दिवा, सगळे आधी लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. जो दिवा विझत नाही त्याची चिंता कोणालाही वाटते. जो लागतच नाही त्याची मला जास्त वाटते. दोष लपवण्यासाठी तो काढून टाकलेला असू शकतो. एअरबॅग एकदा फुटली आणि नवीन न टाकता नुसतं झाकण बसवलं, तर दिव्याचंही असंच केलेलं असतं.

अपघात ओळखायला रंगापेक्षा नट-बोल्ट बघा. बॉनेट, फेंडर, दरवाजे यांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा कंपनीचा रंग उडालेला असेल, तर पान्याने ते खोललेले आहेत. एकट्या फेंडरचं तेवढं काही नाही, नागपुरात ऑटो घासून जातोच. मात्र बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे ॲप्रन (पुढच्या चाकांच्या वरचे आतले पत्रे) आणि समोरचा रेडिएटर धरणारा पट्टा नीट बघा. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल टिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचं काम ओबडधोबड दिसतं. दरवाज्याची रबरी बीडिंग थोडी ओढून खांबावरचेही टिपके बघा. खांब किंवा ॲप्रन कापून जोडलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्राही पाहायचा. पाठीमागून बसलेला मार तिथे दिसतो. खिशात फ्रिजचं लोहचुंबक ठेवा, जिथे जाड पुट्टी आहे तिथे ते धरत नाही.

पाण्यातून निघालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या, मोरभवनात तर बसही बुडाल्या. त्यातल्या काही गाड्या नीट दुरुस्त झाल्या, काही वरवर. वरवरच्या गाड्या सुरुवातीला ठीक चालतात. एखाद-दोन वर्षांनी वायरिंगचे जोड गंजतात, काचा मधेच खाली जातात, गाडी कारण नसताना बंद पडते, आणि कुठल्याही मिस्त्रीला एका फेरीत दोष सापडत नाही. सप्टेंबर २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ही तपासणी सोडू नका.

भाच्यासाठी पाहिलेली सगळ्यात पहिली गाडी २०१९ ची पांढरी वॅगनआर होती. रंग चकचकीत, ३८,००० किलोमीटर, मालक सज्जन गृहस्थ. “गाडी कायम कव्हर पार्किंगमध्येच राहिली,” असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि अगदी शेवटापर्यंत ओढला. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येत नाही, त्यामुळे धुणाऱ्याचंही तिकडे लक्ष जात नाही. त्या हातभर पट्टीवर आडवी, तपकिरी रेघ होती, आणि रेघेखालचा भाग वाळलेल्या चिखलाने कडक झालेला. नखाने खरवडलं तर पांढरट माती बोटाला लागली. भाच्याने हळूच विचारलं, “मामा, हे काय?” मालकांनीही तेव्हाच पहिल्यांदा ते बघितलं असावं. पार्किंग कव्हर होतं हे खरंच होतं, फक्त ते इमारतीच्या तळघरात होतं.

बेल्टशिवाय सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट बघा. खाली झुकून, मोबाइलचा टॉर्च लावून. आतल्या लोखंडाला गंज चढायचं दुसरं कारण सहसा नसतं. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमचा वास घ्या. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ किंवा धुरकट थर, फ्यूजच्या डब्यात हिरवट बुरशी, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, यातलं काहीही दोन ठिकाणी दिसलं तर नमस्कार करून परत या. आत जोरदार अत्तराचा वास मारत असेल तर काचा लावून पाच मिनिटं बसा, खालचा कुबट वास वर येतो.

किलोमीटरचा आकडा

मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी गाडी काय सांगते ते बघा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगवरचे कंगोरे झिजलेत, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलीय आणि मीटरवर ३०,००० आहेत, तर ते जुळत नाही. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. पाच वर्षांत ३०,००० चाललेल्या गाडीचे मूळ टायर बहुधा अजून असतात. चारही टायर नवे असतील तर का बदलले ते विचारा. अर्थात इथल्या उन्हात टायर न झिजताही कडक होतात. कडेला बारीक भेगा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायरचा खर्च धरून ठेवा.

सर्वांत पक्का पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींचा. मालकाला सोबत घेऊन गेलात किंवा त्याच्या फोनवरून विचारलंत तर तारखा आणि किलोमीटर कळतात. पूर्वी टॅक्सी असलेली गाडी नंतर खासगी केलेली असू शकते. आरसीवर आणि जुन्या विम्यावर त्याची खूण सापडते. इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलेलं आहे पण डिकीत सिलिंडर नाही, तरी थांबून विचारा.

दुपारची फेरी

सकाळी मन बसलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान परत जा. गाडी उन्हात उभी राहिलेली असली तर उत्तम. विम्याची तारीख बघून घ्या आणि मगच स्टिअरिंग हातात घ्या.

काचा लावून एसी पूर्ण करा आणि सीताबर्डीकडे चला. व्हरायटी चौकातल्या गर्दीत थांबत-थांबत जाताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा : उभ्या गाडीत एसीची हवा थंडच राहते का, तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकतो का, आणि कंप्रेसर लागताना इंजिन गचके खातं का. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतोच. गाडी थंड असताना निळा दिवा आणि उकळायला आल्यावर लाल दिवा, एवढंच असतं. लाल दिवा लागतो तोवर उशीर झालेला असतो. मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर तो जोडून तापमानाचा खरा आकडा बघत चला. चालताना एसी थंड आणि उभं राहिलं की कोमट, हे लक्षण बहुतेक वेळा पंखा किंवा कंडेन्सरचं असतं. गॅस भरून ते जात नाही.

गर्दीतून निघून सदरच्या उड्डाणपुलावर चढा. आपल्याकडे घाट नाही, चढाची परीक्षा पुलावरच. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग तसा वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा गुंजारव नेहमीच जास्त येतो, म्हणून थोडं अंतर डांबरी रस्त्यावरही चालवा. घूं-घूं तिथेही कायम राहिली आणि वेगाबरोबर वाढली तर चाकाचं बेअरिंग. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज म्हणजे एक्सलचा जॉइंट. स्पीड ब्रेकरवरून एक चाक आधी, एक नंतर न्या. ठक्कन आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअब्झॉर्बर. या सगळ्या कामांचा खर्च मोजता येतो आणि तो किमतीतून कापून घेता येतो. घाबरायचं ते इंजिन उकळण्याला, पाण्याला आणि कापलेल्या सांगाड्याला.

परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. एसी चालू ठेवून उन्हात पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा. मग बंद करा, पाच मिनिटांनी परत सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला कुरकुरणारी गाडी तुम्हाला मे महिन्यात पेट्रोल पंपावर उभी करेल. शेवटी खाली वाकून बघा, एसीच्या स्वच्छ पाण्याशिवाय काही ठिबकायला नको.

सौदा आणि कागद

मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे आनंदाने द्या. त्याने काढलेल्या कामांची कागदावर यादी करून ती समोर ठेवली, की बोलणी शांतपणे होतात. दसरा-दिवाळीच्या तोंडावर भाव चढलेले असतात. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं. ज्यांना त्या पंधरवड्यात गाडी बघायला अडचण वाटत नाही, त्यांनी तेव्हा सौदा ठरवून ताबा नवरात्रात घ्यावा.

पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, बँकेतून. दुकानदार मधे असेल तरी आरसीच्या मालकाशी एकदा बोला. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (नाव बदलायचा अर्ज) वर सह्या, दोघांची ओळखपत्रं, विमा, पीयूसी. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का ते पाहा. गाडीवरचा चेसिस नंबर आरसीशी स्वतः, एकेक अक्षर लावून बघा. ताबा घेताना तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या करा. त्या दिवशी सकाळी लागलेलं चलान कोणाचं, हा वाद त्या एका ओळीने मिटतो.

नाव बदलायचा अर्ज स्वतः करा. ‘आमचा माणूस करून देईल’ यावर महिनोन्‌महिने राहू नका. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि १४ दिवसांत विमा कंपनीला. आरसीवर ज्याचं नाव, तो कायद्यापुढे मालक. अपघात झाला आणि विमा जुन्याच नावावर असला, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याला थोडे जास्त पैसे लागतील. अर्ज ऑनलाइन भरता येतो. एमएच-३१ ची गाडी असेल आणि कागद घेऊन जायची वेळ आलीच, तर गिरीपेठच्या कार्यालयात सकाळी लवकर जा.

पहिला आठवडा

गाडी घरी आली की इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून घ्या, मालकाने मागच्याच महिन्यात बदललं म्हटलं तरी. कूलंट पूर्ण काढून, आतून धुऊन, कंपनीने सांगितलेलं नवीन भरा. मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा. गॅरेजवाल्याने नळाचा पाइप हातात घेतला तर थांबवा. थर्मोस्टॅट काढलेला असेल तर नवीन बसवा आणि रेडिएटरचं झाकणही बदला. ते स्वस्त असतं, पण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. ब्रेक ऑइल बदला, बॅटरीवरची तारीख बघून ठेवा.

भाच्याने शेवटी तिसरी गाडी घेतली. सोमलवाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची अल्टो के१०, रंग उन्हाने फिका पडलेला, डाव्या दाराला पोचा, पण सर्व्हिसची बारा बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेवार लावलेली. बाईंनी चहा दिला, आणि निघताना पिशवीतून कूलंटचं शेवटचं बिल वर काढून भाच्याच्या हातात देत म्हणाल्या, “हे पुढच्या उन्हाळ्याआधी कर रे, मी दर दोन वर्षांनी करत होते.”